उपयुक्त सूत्रकृमी व वनस्पतिज संयुगे

कीटकांच्या शरीरात शिरून त्यांना ठार करणाऱ्या आणि त्यामुळे पिकांवरील किडींच्या जैव नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रकृमींना उपयुक्त किंवा कीटक-परजीवी सूत्रकृमी म्हणतात. त्यांचे सर्व कार्य जमिनीत, पिकाच्या मुळांच्या सान्निध्यात चालते. मुळांतून पाझरणारी, इजा झालेल्या मुळांतून वायुरूपाने बाहेर पडणारी, मुळे खाणाऱ्या अळीच्या शरीरात साठणारी किंवा पेंड व हिरवळीचे खत यांबरोबर जमिनीत येणारी वनस्पतिज संयुगे या सूत्रकृमींच्या हालचालीवर, संक्रमणक्षमतेवर व प्रजननावर परिणाम करतात. हा परिणाम काही वेळा साहाय्यक, तर काही वेळा मारक असतो. त्यामुळे सूत्रकृमींच्या उपयोगात कीड आणि तिचा शत्रू या दोहोंबरोबर पीक हाही तिसरा घटक लक्षात घ्यावा लागतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत उसावरील हुमणीच्या संदर्भात या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

सूत्रकृमी हे नाव शेतकऱ्यांना मुख्यतः पिकांचा शत्रू म्हणून परिचित आहे. इंदापूर भागात डाळिंब, पेरू, द्राक्षे व भाजीपाला यांच्या मुळांवर गाठी करणारा मेलॉयडोगायने प्रजातीतील सूत्रकृमी हे त्याचे उदाहरण होय. त्याच्या तोंडात सुईसारखे शूक असते व तो मुळातील रस शोषतो. उपयुक्त सूत्रकृमींना असे शूक नसते. ते वनस्पतींना कोणतीही इजा करीत नाहीत. एकाच संघातील या दोन गटांची जीवनसरणी भिन्न असली, तरी दोघांचेही वास्तव्य मुळांभोवतालच्या मातीतच असते. एकाला मारण्यासाठी योजलेले द्रव्य दुसऱ्यालाही बाधक ठरू शकते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

इतिहास : उपयुक्त सूत्रकृमींच्या दोन प्रजाती विशेष महत्त्वाच्या आहेत : स्टायनर्नेमा व हेटेरोऱ्हॅब्डायटिस. स्टायनर्नेमाच्या एका जातीचे वर्णन जी. स्टाइनर यांनी १९२३ मध्ये केले. १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आर. डब्ल्यू. ग्लेसर व हेन्री फॉक्स यांना जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत एक सूत्रकृमी आढळला आणि ग्लेसर यांनी कृत्रिम खाद्यावर त्याची वाढ करून किडीविरुद्ध त्याचा प्रत्यक्ष उपयोग केला. ही अळी हुमणीच्याच वर्गातील असल्यामुळे जैव नियंत्रणाच्या या शाखेचा प्रारंभच हुमणीपासून झाला, असे म्हणता येईल. जी. ओ. पॉइनर यांनी हेटेरोऱ्हॅब्डायटिस ही प्रजाती १९७० नंतरच्या दशकात प्रस्थापित केली. भारतात १९६० नंतरच्या दशकात ‘डीडी-१३६’ हा परदेशी प्रकार आणून चाचण्या करण्यात आल्या. पुढे कोईमतूर येथील ऊस पैदास संस्थेतील संशोधक जी. करुणाकर व एच. डेव्हिड यांनी पॉइनर यांच्यासमवेत १९९२ मध्ये हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या देशी जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. उष्ण हवामानास अनुकूल असलेली ही जाती आज भारतात हुमणीविरुद्ध सर्वाधिक वापरली जाते. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने तिचे पाण्यात मिसळता येण्याजोगे चूर्ण तयार करण्याची पद्धत विकसित केली आहे.

जीवनक्रम : या सूत्रकृमींच्या डिंभांच्या तिसऱ्या अवस्थेस संक्रमणक्षम डिंभ म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या चूर्णात किंवा द्रवात हीच अवस्था असते. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिकाचा असा डिंभ सु. अर्धा मिमी. लांब असतो. तो काही खात नाही. शरीरातील साठविलेल्या मेदावर जगतो आणि मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून सरपटत भक्ष्याचा शोध घेतो. तोंड, गुदद्वार किंवा श्वासरंध्रे यांतून तो अळीच्या शरीरात शिरतो. हेटेरोऱ्हॅब्डायटिसच्या डिंभाला एक लहान दातही असतो व त्याने शरीरखंडांमधील मऊ त्वचा फाडून तो आत जाऊ शकतो. आत गेल्यावर तो आपल्या आतड्यातील सहजीवी सूक्ष्मजंतू अळीच्या रक्तात सोडतो. स्टायनर्नेमाबरोबर झेनोऱ्हॅब्डस, तर हेटेरोऱ्हॅब्डायटिसबरोबर फोटोऱ्हॅब्डस प्रजातीचे सूक्ष्मजंतू असतात. त्यांच्या वाढीमुळे अळी सामान्यतः २४ ते ४८ तासांत मरते. मेलेल्या अळीत सूत्रकृमींच्या दोन-तीन पिढ्या होतात आणि अन्न संपले की, नवे संक्रमणक्षम डिंभ हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी तांबडी होते व तिला सडल्याची दुर्गंधी येत नाही. ही खूण शेतात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते.

डिंभाजवळील मेदाचा साठा मर्यादित असतो. त्या अवधीत भक्ष्य सापडले नाही, तर तो मरतो. म्हणून भक्ष्य कसे सापडते, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. आणि याच ठिकाणी वनस्पतिज संयुगांचा संबंध येतो.

बारामती व इंदापूर येथील हुमणी : या दोन तालुक्यांच्या दक्षिणेस नीरा व इंदापूरच्या उत्तरेस आणि पूर्वेस भीमा नदी असून त्यांचा संगम नीरा-नरसिंहपूर येथे होतो. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे दक्षिण भागात बागायती वाढली. उत्तरेकडील माळरानाचा मोठा भाग जिरायती राहिला. पुढे उजनी धरणाच्या जलाशयामुळे भीमाकाठही ऊस वाढला. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने या पिकाची साक्ष देतात [→ ऊस]. नीरेपलीकडे सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. बारामती येथे कृषी विज्ञान केंद्र असून माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली.

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली, मळकट पांढरी अळी. तिला काही भागांत उन्नी असेही म्हणतात. महाराष्ट्रातील उसावर तिच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी होलोट्रायकिया सेराटा ही माळावरील हुमणी व ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा ही नदीकाठची हुमणी म्हणून ओळखली जाते. माळावरील हुमणीचे भुंगेरे मे-जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडताच सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांचा पाला खातात. माद्या परत जमिनीत अंडी घालतात. लहान अळ्या प्रथम सेंद्रिय पदार्थांवर व कोवळ्या मुळांवर जगतात. तिसऱ्या अवस्थेतील मोठ्या अळ्या ऑगस्टपासून पुढे उसाची मुळे कुरतडतात. पाने पिवळी पडतात, बेट वाळते आणि थोड्या झटक्याने उपटून येते. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहत असल्यामुळे आणि त्यानंतर खोडवा घेतला जात असल्यामुळे जमीन मधूनच नांगरून अळ्या उघड्या पाडणे शक्य होत नाही.

या किडीसाठी पूर्वी बीएचसी भुकटी व नंतर फोरेटचे दाणे सर्रास वापरीत. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली आणि फोरेटचा वापर २०२० च्या अखेरीस बंद झाला. ही द्रव्ये माणसे, पक्षी व जमिनीतील इतर जीव यांना घातक होती. त्यांच्या जागी भुंगेरे सामुदायिक रीत्या गोळा करणे, प्रकाश-सापळे, मेटाऱ्हायझियमसारखी कवके आणि सूत्रकृमी या उपायांवर भर देण्यात येऊ लागला. सूत्रकृमींसाठी हुमणी हे सोपे भक्ष्य नाही. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखी पट्टी असते, त्वचा जाड असते व अंगावर चढलेले डिंभ ती पायांनी व तोंडाने झाडून टाकते. म्हणून अळ्या लहान असतानाच सूत्रकृमी सोडणे आणि ते अळीपर्यंत लवकर पोहोचतील अशी परिस्थिती असणे या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

आवाहक संयुगे : अळीच्या श्वसनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड सूत्रकृमीला आकर्षित करतो. तथापि हा वायू मुळे, सूक्ष्मजंतू व कुजणारे पदार्थ यांच्यापासूनही निघत असल्यामुळे तो एकट्याने अळीचा नेमका पत्ता सांगू शकत नाही. कीड लागलेल्या मुळांतून निघणारी बाष्पनशील संयुगे हा पत्ता अधिक निश्चित करतात. २००१ मध्ये आर. व्हॅन टोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी थूजा या शोभेच्या झाडावर असे दाखविले की, भुंग्याच्या अळ्यांनी मुळे खाल्ली असता हेटेरोऱ्हॅब्डायटिस मेगिडिस हा सूत्रकृमी त्या मुळांकडे ओढला जातो.

त्यातील रसायन प्रथम मक्यात ओळखले गेले. डायाब्रोटिका व्हर्जिफेरा या भुंगेऱ्याची अळी अमेरिकेत मक्याची मुळे खाते. ही कीड भारतात नाही. १९९२ मध्ये ती यूरोपात बेलग्रेडजवळ आढळली व तेथून पसरली. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातील सर्जिओ रासमान, टेड टर्लिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार अळीने कुरतडलेल्या मक्याच्या मुळांतून बीटा-कॅरिओफायलीन हे सेस्क्विटर्पीन बाहेर पडते. लवंग व मिरी यांच्या तेलांतही असणारे हे संयुग मातीतील पोकळ्यांतून सहज पसरते आणि सूत्रकृमी त्याच्या उगमाकडे वळतात. हे संयुग निर्माण करणाऱ्या वाणावरील अळ्यांत सूत्रकृमींचे संक्रमण ते निर्माण न करणाऱ्या वाणाच्या मानाने पाचपट आढळले. निर्माण न करणाऱ्या वाणाच्या मुळांजवळ हे संयुग बाहेरून घातले असता जमिनीतून बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली.

या संशोधनातील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. मक्याचा वन्य आप्त टिओसिंटे व यूरोपीय वाण यांत हा गुण टिकून होता. परंतु उत्तर अमेरिकेतील बहुसंख्य वाणांत तो नाहीसा झाला होता. उत्पन्न व इतर गुण यांसाठी निवड करीत असताना मुळांचे हे आवाहन कोणाच्या लक्षात न येता गमावले गेले. २००९ मध्ये याच गटाने ओरेगॅनो या सुगंधी वनस्पतीतील जनुक अशा एका वाणात घालून तो गुण परत आणला. सूत्रकृमी सोडलेल्या शेतात या मक्याच्या मुळांची हानी मूळ वाणापेक्षा सु. ६०% कमी झाली. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात त्याचे मोलही दिसून आले. गरज नसतानाही सतत संयुग सोडणाऱ्या या झाडांची उगवण व उत्पन्न घटले आणि पाने खाणाऱ्या किडी त्यांकडे अधिक आकर्षित झाल्या. अळीने खाल्ल्यावरच संयुग सोडण्याची निसर्गातील रीत यामुळे सकारण ठरते.

लिंबू वर्गातील झाडांत वेगळे संयुग हेच कार्य करते. फ्लॉरिडात डायाप्रेपीस या भुंग्याच्या अळ्यांनी मुळे खाल्ली असता प्रीगायजेरीन हे टर्पीन संयुग बाहेर पडते, असे जारेड अली व लुकास स्टेलिन्स्की यांच्या गटाने २०१० ते २०१२ या काळात दाखविले. अशा मुळांकडे आकृष्ट होणाऱ्या सूत्रकृमींत हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिकाचाही समावेश होता; म्हणजे आपल्याकडे वापरली जाणारी जातीही वनस्पतीच्या संदेशाला प्रतिसाद देते. मात्र याच कामात असेही आढळले की, काही खुंटांच्या मुळांतून निघणारी संयुगे लिंबूवर्गीय मुळांवर जगणाऱ्या हानिकारक सूत्रकृमीलाही ओढून घेतात. मित्राला दिलेली हाक शत्रूच्याही कानी पडते.

चेतक व स्तंभक संयुगे : मुळाच्या टोकावरील संरक्षक आवरणास मूलटोपी म्हणतात. तिच्यापासून निघणारा बुळबुळीत स्राव सूत्रकृमींची केवळ दिशाच नव्हे, तर हालचालीची तीव्रताही बदलतो. वाटाणा, मका इत्यादींच्या स्रावावर इव्हान हिल्टपोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संहत स्रावामुळे सूत्रकृमी निश्चल झाले. परंतु ही अवस्था तात्पुरती होती. उलट विरल स्रावात उपयुक्त सूत्रकृमी अधिक चपळ व अधिक संक्रमणक्षम झाले. यातून दोन गोष्टी संभवतात : मुळाच्या अगदी निकट डिंभ आपली शक्ती राखून थांबतात आणि थोड्या अंतरावर ते भक्ष्याच्या शोधास प्रवृत्त होतात. एकच पदार्थ मात्रेनुसार विरुद्ध परिणाम करतो, हा वनस्पतिज संयुगांच्या बाबतीत वारंवार आढळणारा नियम येथेही दिसतो.

भक्ष्याच्या शरीरातील संयुगे : अळीने खाल्लेली विषे तिला न मारता तिच्या शरीरात साठली, तर ती तिच्या शत्रूंविरुद्ध ढाल बनतात. भोपळा वर्गातील कडू द्रव्यांना कुकुर्बिटॅसिने म्हणतात. मेरी बार्बरचेक यांनी १९९० नंतरच्या दशकात डायाब्रोटिकाच्या एका जातीच्या अळ्या मका व भोपळावर्गीय वनस्पती यांवर वाढवून सूत्रकृमींना दिल्या, तेव्हा अळीच्या खाद्यवनस्पतीनुसार सूत्रकृमींचे यश व त्यांची प्रजा बदलते असे आढळले. मका, गहू व राय या तृणांत बेंझॉक्झॅझिनॉइडे ही संरक्षक संयुगे असतात. मक्यावरील डायाब्रोटिका अळी ती साठविते व त्यांच्या साहाय्याने सूत्रकृमी आणि त्यांचे सहजीवी सूक्ष्मजंतू यांना प्रतिकार करते, असे २०१७ मध्ये सिद्ध झाले. मात्र हा झगडा एकतर्फी नाही. २०१९ मधील अभ्यासानुसार या अळीच्या मूळ प्रदेशातील सूत्रकृमी अशा विषांना अधिक प्रतिकारक असतात आणि प्रयोगशाळेत पाच पिढ्यांच्या निवडीनेही हा गुण वाढविता येतो. एखाद्या प्रदेशात तेथील मातीतूनच मिळविलेले सूत्रकृमी वापरावेत, या आग्रहाला यामुळे भक्कम आधार मिळतो.

पेंडी व खते यांतील संयुगे : बारामती-इंदापूर भागात निंबोळी पेंड जमिनीत घालण्याचा प्रघात आहे. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टीन कीटकांची भूक मंदावते व त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडविते. (तरीही माळावरील हुमणीचे भुंगेरे कडुनिंबाचा पाला आवडीने खातात, एका किडीला मारक असणारे द्रव्य दुसरीला तसेच असेल असे नाही, याचे हे घरचेच उदाहरण होय.) कडुनिंबाच्या अर्काची नेहमीची सौम्य मात्रा संक्रमणक्षम डिंभांना सामान्यतः फारशी घातक ठरत नाही. मात्र कोणतीही नत्रयुक्त पेंड मोठ्या प्रमाणात कुजू लागली की, अमोनिया वायू निर्माण होतो आणि तो सर्वच सूत्रकृमींना मारक असतो. म्हणून पेंड व सूत्रकृमी एकाच वेळी एकत्र मिसळून न देता पेंड आधी देऊन ती कुजण्यास काही आठवड्यांचा अवधी ठेवणे युक्त होय.

मोहरी वर्गातील वनस्पती जमिनीत गाडल्या असता त्यांतील ग्लुकोसिनोलेटांचे एंझाइमाच्या साहाय्याने विघटन होऊन आयसोथायोसायनेटे ही झणझणीत बाष्पे तयार होतात. मुळांवरील गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्ध हा उपाय योजतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बटाट्याच्या पिकासंबंधी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपायामुळे स्टायनर्नेमाकडून होणारे किडीचे नियंत्रण विस्कळित झाल्याचे दिसले. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थायनिल हे गंधकयुक्त संयुगही पीक-परजीवी सूत्रकृमींना मारक असल्याचे १९५८ पासून ज्ञात आहे. ज्या शेतात डाळिंबाच्या मुळांवरील गाठींसाठी असे उपाय केले जातात, तेथे त्याच हंगामात हुमणीसाठी उपयुक्त सूत्रकृमी सोडणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटण्यासारखे होईल. दोन उपायांत पुरेसा कालावधी असावा.

माध्यम म्हणून माती : वनस्पतीचा संदेश व तो घेणारा सूत्रकृमी यांच्या गरजा काही अंशी परस्परविरोधी आहेत. बाष्पनशील संयुगे मातीतील हवेने भरलेल्या पोकळ्यांतून पसरतात. पाण्यातून वायूंचे विसरण हवेतील विसरणाच्या मानाने सु. दहा हजार पटींनी मंद असते. उलट डिंभाला सरपटण्यासाठी कणांभोवती पाण्याचा पापुद्रा लागतो. माती कोरडी पडली, तर सूत्रकृमी जागीच राहतो. ती पाण्याने तुडुंब भरली, तर संदेश थांबतो व प्राणवायूही कमी पडतो. ओलसर पण हवा खेळती असलेली, वाफसा आलेली माती दोहोंना अनुकूल असते. शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा शब्द या अवस्थेचे नेमके वर्णन करतो.

बारामती-इंदापूर भागात ही गोष्ट शेतागणिक बदलते. माळावरील हलकी, मुरमाड जमीन मोकळी असते, पण ती लवकर सुकते. कालव्याखालील खोल काळी जमीन चिकण मातीची असून तिच्या पोकळ्या बारीक असतात. अतिसिंचनामुळे कालव्याच्या क्षेत्रात काही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या आहेत. अशा जमिनीत मोकाट पद्धतीने पाणी दिल्यास सूत्रकृमींची योग्य मात्रा देऊनही अपयश येण्याचा संभव असतो. ठिबक सिंचनाने मुळांचा भाग सतत ओलसर ठेवता येतो व सूत्रकृमीही त्याच नळ्यांतून देता येतात. मात्र त्यापूर्वी गाळण्याची बारीक जाळी काढून ठेवावी लागते. सरीत पाचटाचे आच्छादन ठेवल्यास ओल टिकते व मातीचे तापमान उतरते.

व्यवहारातील उपयोग : संक्रमणक्षम डिंभांची प्रचलित मात्रा दर चौ. सेंमी. क्षेत्रास सु. २५, म्हणजे हेक्टरी सु. २.५ अब्ज इतकी असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी व शुष्कतेने डिंभ मरतात. म्हणून ते सायंकाळी, वाफसा असलेल्या जमिनीत, बेटांच्या बुडाशी देतात व नंतर हलके पाणी देतात. माळावरील हुमणीसाठी भुंगेरे निघाल्यानंतरचा जुलै-ऑगस्टचा काळ योग्य असतो, कारण तेव्हा अळ्या लहान असतात. सूत्रकृमी जमिनीत जिवंत आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याची एक सोपी पद्धत आर. ए. बेडिंग व आर. जे. अखर्स्ट यांनी १९७५ मध्ये सुचविली : मातीच्या नमुन्यात मेण-पतंगाच्या अळ्या ठेवतात व त्या कोणत्या लक्षणांनी मरतात ते पाहतात. तांदळावरील पतंगाच्या अळ्यांनीही हे काम भागते. स्थानिक सूत्रकृमी शोधून काढण्यासाठीही हीच पद्धत वापरतात.

वनस्पतिज संयुगांविषयीच्या ज्ञानाचा उपयोग तीन प्रकारे करता येतो. पहिला, संदेशाला अधिक प्रतिसाद देणाऱ्या सूत्रकृमींची निवड करणे. हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या जातीत बीटा-कॅरिओफायलीनकडे अधिक ओढ असणारा वाण सहा पिढ्यांच्या निवडीने मिळाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा, आकर्षक संयुग सूत्रकृमींबरोबर किंवा मुळांजवळ बाहेरून देणे. तिसरा, पिकाच्या वाणांची या दृष्टीने पारख करणे. मका व ऊस एकाच तृण कुलातील असले, तरी मक्याचे निष्कर्ष उसाला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. को ८६०३२, फुले २६५ यांसारख्या प्रचलित वाणांची उत्पन्न, साखरेचा उतारा व क्षारसहिष्णुता यांबाबत जशी कसोशीने तुलना केली जाते, तशीच हुमणीने मुळे खाल्ल्यावर ती सूत्रकृमींना कितपत बोलावतात याचीही होणे इष्ट आहे. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत : वाळूने भरलेल्या व एकमेकींस जोडलेल्या कुंड्या, निरोगी व कीडग्रस्त मुळे, आणि काही दिवसांनी प्रत्येक कुंडीत सापडणाऱ्या डिंभांची मोजणी.

रासायनिक कीटकनाशक कोणत्याही शेतात टाकले, तरी ते काही अंशी आपले काम करते. सूत्रकृमी हा जिवंत प्राणी असून त्याचे काम त्या शेतातील मुळे, अळी व माती यांनी मिळून ठरते. म्हणून एका शेतातील यशावरून किंवा अपयशावरून या उपायाची परीक्षा करणे योग्य ठरत नाही. अमेरिकेतील मक्याने कळत नकळत गमावलेला गुण परत मिळविण्यास जनुकांतरणाची खटपट करावी लागली व तीही अंशतःच सफल झाली. उसाच्या नव्या वाणांची निवड करताना मुळांच्या या गुणाकडे वेळीच लक्ष दिल्यास ती वेळ येणार नाही.